‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’: पिप काय लपवतो आणि कोणासाठी

चार्ल्स डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मधल्या नायकाची नैतिक वाढ दाखवा, असा प्रश्न आला की उत्तर बहुतेक ठरलेलं असतं. लोहाराच्या घरी वाढलेल्या अनाथ पिपला अचानक पैसा मिळतो. तो लंडनला जाऊन ‘जंटलमन’ होतो आणि ज्याने पोटच्या पोरासारखं सांभाळलं त्या जो गार्जरीची त्याला लाज वाटू लागते. पुढे पैसा हातचा जातो, डोळे उघडतात आणि तो शहाणा होतो. इंग्रजी विषय घेऊन बी.ए. करणाऱ्यांच्या वहीत हे उत्तर हमखास सापडेल. कथानक म्हणून ते बरोबरही आहे. अडचण एवढीच की पिपचे डोळे पुरते मिटलेले असे कधी नसतातच.

सहाव्या प्रकरणात, जेमतेम सात वर्षांचा असताना, त्याला पक्कं ठाऊक असतं की घरातल्या चोरीबद्दल जोला खरं सांगून टाकायला हवं आणि केवळ भित्रेपणामुळे आपण सांगत नाही. लंडनमध्ये उधळपट्टी ऐन भरात असतानाही जोशी आपण नीट वागलो नाही ही टोचणी त्याची पाठ सोडत नाही. आपलं चुकतंय हे कळणं म्हणजेच नैतिक वाढ असेल, तर पिप पहिल्या काही प्रकरणांतच वाढून मोकळा झाला म्हणायचा. कादंबरी मात्र 59 प्रकरणं चालते.

तेव्हा वाढ मोजायला दुसरं माप हवं. पश्चात्तापाचे उतारे गोळा करण्यापेक्षा नायक पुन्हा पुन्हा कोणती एक कृती करतो ते शोधावं, तिचे सगळे प्रसंग क्रमाने मांडावेत आणि दर वेळी एकच विचारावं: यात राखलं जातंय कोण? पिपच्या बाबतीत ती कृती म्हणजे लपवणं. तो पहिल्या प्रकरणापासून जवळजवळ शेवटपर्यंत काही ना काही लपवत असतो. ही लपवाछपवी कोणासाठी चालते ते पाहत गेलं की त्याची वाढ पायरी-पायरीने दिसू लागते.

आधी दोन पिप वेगळे करा

कादंबरी प्रथमपुरुषी आहे. पिप स्वतःची गोष्ट सांगतो, पण सांगणारा पिप प्रौढ आहे. सगळं घडून गेलेलं आहे, आणि पैसा कुठून आला हे त्याला माहीत आहे. ज्याच्यावर प्रसंग गुदरतात तो पिप मुलगा आहे, नंतर विशीतला तरुण आहे. वाचताना हे दोघे सहज एकमेकांत मिसळतात. एखाद्या प्रसंगात पिपने स्वतःला चांगलं खडसावलेलं आढळलं की आपण लिहून मोकळे होतो: इथे त्याला जाणीव झाली. पुष्कळदा ती जाणीव त्या वेळची नसते, वर्षानुवर्षांनी सांगणाऱ्याची असते. म्हणून प्रत्येक कबुलीपुढे बारीक अक्षरात नोंद करावी, ही तेव्हाची की नंतरची. जी तेव्हाची ठरेल, तिच्यामुळे पिपने पुढे काही वेगळं केलं का, हे तपासावं.

डिकन्सने ही कादंबरी स्वतःच्याच ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकात डिसेंबर 1860 ते ऑगस्ट 1861 या काळात क्रमशः छापली. पिपचा उपकारकर्ता कोण, हे वाचकाला आठवड्यामागून आठवडे कळत नव्हतं. निवेदकाला मात्र ते ठाऊक होतं आणि त्यानेही ते पोटात ठेवलं होतं. त्यामुळे आपणही तरुण पिपच्याच चुकीच्या समजुतीत अडकतो, आणि त्याच्यावर निकाल द्यायला बसतो तेव्हा जरा अडखळतो.

पहिलं मौन

केंट परगण्यातली, थेम्सच्या मुखाजवळची दलदल. नाताळच्या आदल्या दिवशी आई-वडिलांच्या थडग्यांपाशी बसलेल्या पिपला एक पळालेला कैदी धरतो. पायात बेडी आहे. कानस आणि खायला आण, नाहीतर जीव घेईन, असा दम देतो. पिप घरातून खाणं, ब्रँडी आणि डुकराच्या मांसाची अख्खी ‘पोर्क पाय’ (मांस भरून भाजलेली पेस्ट्री) चोरतो, आणि जोच्या भट्टीतून कानस उचलतो. ब्रँडी कमी झालेली दिसू नये म्हणून बाटलीत पाणी समजून जे ओततो ते डांबराचं औषधी पाणी निघतं, आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर जोचे काका पंबलचुक त्याचा घोट घेऊन थयथयाट करतात. प्रसंग विनोदी आहे, पण मुलाचा जीव टांगणीला लागलेला आहे.

मग शिपाई येतात, दलदलीत शोध होतो आणि कैदी पकडला जातो. नेलं जात असताना तो सार्जंटला आपणहून सांगतो की लोहाराच्या घरातलं खाणं मीच चोरलं. कोणी विचारलेलं नसतं. पोरावर आळ येऊ नये म्हणून तो खोटं बोलतो. त्यावर जो म्हणतो की तू काय गुन्हा केलास ते आम्हाला ठाऊक नाही, पण तू उपाशी मरावंस असं आम्हाला वाटलं नसतं. आणि पिप? तो गप्प बसतो. खरं कळलं तर जोचा आपल्यावरचा विश्वास उडेल, ही त्याची भीती.

हा प्रसंग सावकाश वाचावा, कारण पुढचं सगळं मोजायची खूण इथे आहे. कैदी दुसऱ्यासाठी खोटं बोलतो. जो नुकसान सोसून मोकळ्या मनाने माफ करतो. पिप स्वतःसाठी लपवतो. त्याला पुढे जे दोन प्रकारचं चांगुलपण शिकायचं आहे, ते दोन्ही प्रकार त्याने सातव्या वर्षीच डोळ्यांनी पाहिले आहेत.

थापा आणि त्यामागची लाज

पुढे पिपला मिस हॅविशमच्या सॅटिस हाउसमध्ये खेळायला बोलावतात. लग्नाच्या दिवशी फसवली गेलेली ही बाई अजून तोच पिवळा पडलेला लग्नाचा पोशाख घालून बसते. घरातली घड्याळं नऊला वीस मिनिटं कमी असताना थांबवलेली आहेत. तिने वाढवलेली एस्टेला पिपबरोबर पत्ते खेळते आणि त्याच्या जाडजूड बुटांना, खरबरीत हातांना, गुलामाला खेडवळ नावाने पुकारण्याला नाक मुरडते. तोवर पिपला आपले हात कसे आहेत हे माहीतच नव्हतं.

घरी त्याची बहीण, म्हणजे जोची बायको, आणि पंबलचुक खोदून खोदून विचारू लागतात तेव्हा तो दणकून थापा मारतो. मिस हॅविशम काळ्या मखमली बग्गीत बसली होती, सोन्याच्या ताटल्यांत केक दिला, चार भलेमोठे कुत्रे चांदीच्या टोपलीतल्या मांसासाठी भांडत होते. त्याच रात्री भट्टीपाशी तो जोपुढे सगळं कबूलही करतो. थाप ती थाप, वाकड्या वाटेने मोठं होता येत नाही, हे जो त्याला आपल्या साध्या भाषेत समजावतो.

म्हणजे या वयात पिपला कबुली देता येते. पण लपवण्याचं कारण आता बदललं आहे. आधी शिक्षेची आणि प्रेम गमावण्याची भीती होती, आता लाज आहे. आणि थाप कबूल केली तरी ही लाज तो जोपासून लपवूनच ठेवतो. पुढे उमेदवारीच्या करारासाठी जो सॅटिस हाउसला येतो आणि मिस हॅविशमच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तिच्याऐवजी पिपकडे पाहून देतो. ती 25 गिनी देते, तेव्हाही जो पिपशीच बोलतो. शेजारी उभ्या पिपला मेल्याहून मेल्यासारखं होतं. लोहारकाम आता आपल्याला नकोसं झालंय, हे तो बालमैत्रीण बिडीला सांगतो, जोला कधीच नाही.

टोपी, खाणावळ आणि मासे

वकील जॅगर्स येऊन कळवतो की कोणीतरी अनामिक पिपला जंटलमन करणार आहे. उपकारकर्ती मिस हॅविशमच, असं पिप धरून चालतो. गाव सोडताना जोने गाडीपर्यंत येऊ नये असं तो सांगतो. कारण आपल्या दोघांच्या कपड्यांतला फरक चारचौघांत दिसेल, ही मनातली शंका त्याची त्यालाच बोचते.

काही काळाने जो लंडनला भेटायला येतो तो प्रसंग नैतिक वाढीच्या प्रत्येक उत्तरात असतो. तो वाचताना जोच्या टोपीवर नजर ठेवावी. ती कुठे ठेवावी हे जोला कळत नाही. तो ती शेकोटीवरच्या कट्ट्याच्या कोपऱ्यावर टेकवतो, ती पुन्हा पुन्हा घसरते, तो धावून धावून झेलतो. जेवणावर लक्ष नाही, बोलण्यावर नाही. मधूनच पिपला ‘सर’ म्हणतो. एवढ्या प्रेमाच्या माणसाला टोपीशी असं झगडावं लागतंय, कारण यजमानाने त्याला मोकळं वाटू दिलेलं नाही. पिप चिडचिडतो. आपण मोकळे असतो तर जोही मोकळा झाला असता, हे निवेदक सांगतो. ते नंतरचं शहाणपण आहे. निघताना जो जे बोलतो त्यातला साधा मोठेपणा मात्र पिपला त्या क्षणीच जाणवतो आणि तो त्याच्यामागे धावतो. तोवर जो निघून गेलेला असतो.

मग दुसऱ्या दिवशी काय होतं? पिप गावी निघतो. उतरायचं ते जोकडेच, असं आधी नक्की असतं. पण निघण्याआधीच सबबी जमू लागतात: त्यांना अडचण होईल, अंथरूण तयार नसेल, सॅटिस हाउस तिथून लांब पडेल. शेवटी तो ब्लू बोअर या खाणावळीत उतरतो आणि जोला न भेटताच परततो. परतल्यावर भरपाई म्हणून जोला एक कॉड मासा आणि ऑयस्टरचं पिंप पाठवून देतो.

या माशापाशी थोडं थांबावं. त्यात पश्चात्ताप खरा आहे आणि तो पूर्णपणे निरुपयोगी आहे. स्वतः जायचं टाळून त्याने टोचणी पार्सलने रवाना केली. आता लपवणं दुसऱ्यापासून राहिलेलं नाही, पिप स्वतःलाच गंडवतो आहे. या अंगाने पाहिलं तर त्याच्या घसरणीचा तळ उधळपट्टीत किंवा कर्जात सापडत नाही, तो या सबबींत सापडतो.

हर्बर्टचं गुपित

आता ठरीव उत्तराला धक्का देणारा प्रसंग. 21व्या वाढदिवसाला जॅगर्स पिपच्या हाती 500 पाउंडांची नोट ठेवतो. त्यातल्या निम्म्या रकमेतून, आणि पुढेही हप्त्याहप्त्याने भरून, पिप आपला मित्र हर्बर्ट पॉकेट याला क्लॅरिकर नावाच्या तरुण व्यापाऱ्याकडे भागीदारीची वाट करून देतो. मध्यस्थ जॅगर्सचा कारकून वेमिक. हर्बर्टला पत्ताही लागू द्यायचा नाही ही अट.

इथे लपवण्याची दिशा पहिल्यांदा फिरते. गुपित आहे, पण त्याने पिपचं काही झाकलं जात नाही, मित्राचा मान राखला जातो. आणि हे घडतं तेव्हा पिपचा पैसा गेलेला नाही, उपकारकर्त्याचं सत्य बाहेर आलेलं नाही, जोकडे तो अजूनही फिरकत नाही. म्हणजे वाढ पैसा गेल्यावर एकदम सुरू झाली असं म्हणता येत नाही. एका माणसाशी नीट वागणारा पिप त्याच सुमारास दुसऱ्याशी वाईट वागतो आहे. उत्तरात दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी मांडाव्यात, एकीने दुसरीवर पांघरूण घालू नये.

मॅग्विच परततो

पिप 23 वर्षांचा असताना एका वादळी रात्री तोच कैदी, एबल मॅग्विच, त्याच्या दारात उभा राहतो. जन्मठेपेवर न्यू साउथ वेल्सला पाठवलेल्या या माणसाने तिथे मेंढ्या पाळून पैसा केला आणि तो सगळा पिपला जंटलमन करण्यासाठी पाठवला. पिपला त्याची किळस येते. परत आल्याबद्दल मॅग्विचला फाशी होऊ शकते, म्हणून तो त्याला प्रॉव्हिस या नावाने दडवून ठेवतो.

पिप आता हा पैसा घ्यायचा नाही असं ठरवतो. पुष्कळ जण इथेच वाढ झाल्याचा शिक्का मारतात. जरा दमाने घ्यावं. हाच पैसा मिस हॅविशमचा समजून तो वर्षानुवर्षं खर्चत होता आणि तेव्हा मन खात नव्हतं. नकारामागे तत्त्व आहे तसंच उच्चभ्रू नाकही आहे. खरा बदल पुढच्या काही महिन्यांत होतो. मॅग्विचची हकिगत, त्याला गुन्ह्यात ओढून स्वतः हलकी शिक्षा घेऊन सुटलेला सभ्य दिसणारा कॉम्पेसन, लपण्याच्या जागा, थेम्सवर रोजचं वल्हवणं. त्याच काळात पिप मिस हॅविशमकडे 900 पाउंड मागतो ते हर्बर्टची भागीदारी पुरी करायला. तुझ्यासाठी काही नको का, असं ती विचारते, तेव्हा तो काही मागत नाही.

मॅग्विचला बोटीने निसटवण्याचा बेत फसतो. झटापटीत तो जबर जखमी होऊन पकडला जातो. परतीच्या बोटीत पिप त्याच्या शेजारी बसतो आणि त्याला उमगतं की आपण जोशी जसे वागलो त्याहून हा माणूस आपल्याशी कितीतरी चांगला वागला. ही जाणीव तेव्हाची आहे, आणि तिच्यामागून कृती येते. पिप त्याच्याजवळून हलत नाही.

कैद्याच्या उशाशी

त्या काळी दोषी ठरलेल्या कैद्याची मालमत्ता सरकारजमा होत असे. मॅग्विचला वाटतं, आपण गेलो तरी पोरगा श्रीमंत राहील. ही आशा बुडाली आहे हे पिपला कळतं आणि तो ते त्याला शेवटपर्यंत कळू देत नाही. न्यायालयात एकदम 32 जणांना मृत्युदंड सुनावला जातो तेव्हा पिप सगळ्यांदेखत त्याचा हात हातात धरतो. ज्याने कधी जोला गाडीपर्यंत येऊ दिलं नव्हतं, त्याला आता कोणी पाहिल्याची पर्वा नाही. मॅग्विच मरणाच्या दारात असताना पिप त्याला सांगतो की मेली असं तू समजत होतास ती तुझी मुलगी जिवंत आहे आणि माझं तिच्यावर प्रेम आहे. ती मुलगी म्हणजे एस्टेला.

काय लपवावं आणि काय सांगावं, हे आता पिप त्या मरणाऱ्या माणसाकडे पाहून ठरवतो. कैद्याने दलदलीत मुलासाठी जे केलं होतं तेच हा मुलगा आता कैद्यासाठी करतो. या दोन प्रसंगांची जोडी हाती लागली की उत्तराचा कणा तयार होतो.

वाढ कुठे अडते

इथेच थांबलं तर उत्तर गोड होईल, पण अपुरं राहील. पिप तापाने फणफणतो, कर्जापायी पकडले जाण्याची वेळ येते. जो येऊन त्याची शुश्रूषा करतो आणि गुपचूप कर्ज फेडतो. पिप बरा होऊ लागतो तसतसा जो पुन्हा अवघडतो, पुन्हा ‘सर’ म्हणू लागतो. आपल्याकडे आता काहीच उरलेलं नाही हे जोला मोकळेपणी सांगायला हवं, असं पिप ठरवतो आणि बोलणं पुढे ढकलतो. ज्या सकाळी बोलायचं, त्या सकाळी जो चिठ्ठी ठेवून निघून गेलेला असतो. जुनी खोड गेलेली नाही.

त्यानंतर गावी जाऊन बिडीला मागणी घालण्याचा त्याचा बेतही तपासून पाहण्यासारखा आहे. त्यात नम्रता आहे, पण इतकी वर्षं दुर्लक्षिलेली बिडी आपली वाटच पाहत असेल हे गृहीतही आहे. तो पोहोचतो त्याच दिवशी तिचं आणि जोचं लग्न झालेलं असतं. त्याला सर्वांत आधी वाटतं ते हे की बरं झालं, आजारपणात आपण जोजवळ यातलं काही बोललो नाही. ही आशा तो कायमची पोटात ठेवतो आणि मागायची ती माफी मात्र उघड मागतो. जोचे पैसे फेडायचं वचन देऊन तो कैरोला क्लॅरिकरच्या पेढीत कारकुनीला जातो. कधीकाळी हर्बर्टसाठी गुपचूप उघडलेल्या दारातूनच त्याला स्वतःला पोटापाण्याची वाट मिळते.

उत्तर लिहिताना

दोन मोह टाळावेत. पहिला चरित्राचा. डिकन्स 12 वर्षांचा असताना वडील कर्जापायी मार्शलसी तुरुंगात गेले आणि त्याला बूटपॉलिशच्या कारखान्यात काम करावं लागलं. ही गोष्ट त्याने आयुष्यभर जगापासून लपवली. 1870मध्ये तो गेल्यावर मित्र जॉन फॉर्स्टरने लिहिलेल्या चरित्रातून ती लोकांना कळली. पिपच्या लाजेतली धग कुठून आली असेल याचा अंदाज त्यातून येतो, पण पिपच्या वागण्याचा पुरावा म्हणून ती वापरता येत नाही.

दुसरा मोह शेवटाचा. डिकन्सने आधी लिहिलेल्या शेवटात पिप आणि एस्टेला लंडनच्या रस्त्यात भेटून वेगळे होतात. मित्र बुल्वर-लिटनच्या सल्ल्यावरून त्याने तो बदलला आणि दोघांना सॅटिस हाउसच्या ओसाड आवारात भेटवलं. यातला कोणता शेवट चांगला यावर खुशाल वाद घालावा. पिपच्या नैतिक वाढीचा निकाल त्यावर अवलंबून नाही, तो मॅग्विचच्या उशाशी आणि जोच्या लग्नघरी लागलेला आहे.

हीच पद्धत दुसरीकडेही लावून पाहता येते. टॉमस हार्डीच्या 1886च्या ‘द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज’मध्ये एलिझाबेथ-जेनचा खरा बाप न्यूसन तिला शोधत येतो, आणि मुलगी आपल्यापासून जाऊ नये म्हणून नायक हेंचर्ड त्याला सांगतो की ती वारली. पुढे हेंचर्डचाही पश्चात्ताप पिपइतकाच खरा असतो, पण ते खोटं त्याने स्वतःसाठीच उच्चारलेलं असतं आणि ते निस्तरायला त्याला फार उशीर होतो. दोघांत फरक कशाने पडला हे स्वतःच्या शब्दांत मांडता आलं, तर परीक्षेतल्या उत्तराची चिंता करायला नको.